डबी गप होती

“आज कंदील नको,” अण्णा म्हणाले, आणि सिद्राममामा पेटवलेला कंदील तसाच हातात धरून माझ्याकडे बघत राहिला.

अण्णा म्हणजे माझे वडील, हणमंत धोत्रे. विहिरी खोदणाऱ्या आणि उन्हाळ्यात गाळ काढणाऱ्या सात जणांच्या टोळीचे मुकादम. सिद्राममामा माझ्या आईचा भाऊ, यारी तो चालवायचा. यारी म्हणजे विहिरीच्या काठावर रोवलेला लोखंडी खांब, त्याच्या आडव्या हाताला तारेचा दोर आणि दोराच्या टोकाला माणूस बसेल एवढी बादली. औशाच्या पलीकडे विश्वंभर नाड्यांच्या मळ्यात आम्ही उतरलो होतो. विहीर साठ फुटी. एप्रिलची अखेर होती, सकाळचे आठ वाजले होते आणि मला घाम फुटला होता, कारण सगळ्या टोळीचे डोळे माझ्या हातातल्या साबणाच्या डबीवर होते.

उतरण्याआधी पेटता कंदील तळाशी सोडायचा, शंभर मोजायचे आणि वर घ्यायचा, ही आमच्या लोकांची रीत. विझला तर त्या दिवशी उतरायचं नाही. जळत आला तर देवाचं नाव घेऊन बादलीत बसायचं. दोन वर्षांपूर्वी अण्णांचे जोडीदार मारुतीकाका यांचा कंदील चांगला जळत वर आला होता. काका उतरले आणि चौघांनी उचलून बाहेर काढलं तेव्हा ते गेलेले होते. त्या विहिरीत रात्रभर डिझेलचं इंजिन चाललं होतं, आणि त्या धुरातला एक वायू असा की तो ना दिसतो, ना वास देतो, ना कंदिलाला कळतो. हे मला लातूरच्या पॉलिटेक्निकमध्ये दुसऱ्या वर्षाला समजलं. त्या दिवसापासून अण्णा कामावर गेले की माझा जीव टांगणीला लागायचा.

म्हणून मी डबी बनवली. आत अंगठ्याएवढा एक बोर्ड, वायू ओळखणारा सेन्सर आणि कान किटवणारा बझर. खराब हवा लागली की डबीने बोंब मारायची, एवढंच काम.

कॉलेजने दिलेला लॅपटॉप इतका म्हातारा होता की मोठी सॉफ्टवेअरं उघडता उघडता धापा टाकायचा. आमच्या प्रॅक्टिकलच्या डोंगरे सरांनी मला पेनड्राइव्हवर एक हलकंफुलकं सॉफ्टवेअर दिलं आणि म्हणाले, हे शिकाऊ लोकांसाठीच आहे, बिनधास्त वापर. वर एक पांढरी चौकट, तिथे आपण लिहायचं. खाली दुसरी चौकट, तिथे मशीन उत्तर देणार. हिरवं बटण दाबलं की चालू, लाल दाबलं की बंद. बाकी काही पसारा नाही. चूक झाली तर कितव्या ओळीत झाली ते निमूट सांगायचं. वर्गात शहरातली पोरं माझ्या बोलण्याला हसायची, हे हसायचं नाही. मी त्या चौकटीच्या प्रेमातच पडले म्हणा ना. पंचवीस-तीस ओळींत माझी डबी बोलायला लागली.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी सगळ्यांना ती करून दाखवली होती. लॅपटॉप मांडीवर, त्याला तारेने जोडलेली डबी, आणि मामाने त्याच्या मोटारसायकलला किक मारून धूर सोडला. डबी अशी काही किंचाळली की पलीकडच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. अण्णांनी लहान मुलासारखं ते तीनदा करायला लावलं. मग टोळीतल्या एकेकाकडे बघून म्हणाले, माझ्या लेकीनं केलंय.

तर सकाळी कंदील परत गेला. साठ फुटांपर्यंत लॅपटॉपची तार पुरणार नव्हती हे उघड होतं. नाड्यांच्या सुनेने, प्रणिताने, तिची पॉवर बँक आणून दिली. मी लॅपटॉपची तार काढली, पॉवर बँकेला लावली. सेन्सरवरचा लाल दिवा लागला, तो बघून सगळ्यांना बरं वाटलं आणि मलाही. मामाने डबी सुतळीला बांधून सावकाश तळापर्यंत सोडली.

या विहिरीतही रात्री इंजिन चाललं होतं. पाणी उपसायला नाड्यांनी ते आतल्या ओट्यावर, म्हणजे विहिरीच्या भिंतीत सोडलेल्या कट्ट्यावर, उतरवलं होतं. पहाटेच बंद केलंय, धूर कधीचाच उडून गेला असेल, असं ते सांगत होते. अण्णांनी शंभरपर्यंत मोजलं. आम्ही सगळे काठावर वाकून कान देऊन उभे. आतून काहीही आवाज आला नाही. खोल तळाशी लाल ठिपका तेवढा दिसत होता.

“डबी गप हाय,” अण्णा म्हणाले. “म्हंजी हवा चांगली हाय.” ते बादलीत बसले, इशाऱ्याची बारीक दोरी मनगटाला गुंडाळली आणि मामाने यारीचं इंजिन सुरू केलं. भिंतीतले सुटे दगड बघत उतरायचं म्हणून तो दोर अगदी सावकाश सोडायचा, तळ गाठायला पाव तास लागायचा.

मी आंब्याखाली येऊन बसले. ऊर भरून आला होता, खोटं कशाला सांगू. प्रणिता चहा घेऊन आली. ती बी.कॉम. झालेली, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, आणि तिला खरोखर उत्सुकता होती. लॅपटॉप उघडून दाखव म्हणाली. मी ऐटीत उघडला आणि एकेक ओळ समजावू लागले, इथे हवा मोजतो, इथे आकडा तपासतो, इथे बझरला वाज म्हणतो. खालच्या चौकटीत लाल अक्षरांत आलं होतं की बोर्ड जोडलेला नाही. ते बरोबरच होतं, बोर्ड विहिरीत होता.

प्रणिताने चहाचा घोट घेतला आणि साध्या सुरात विचारलं, “हे समदं तर हितंच हाय की लॅपटॉपमदी. मग त्या डबीला खाली कोण सांगालंय?”

“तिच्यात असतं ते,” मी म्हणाले.

“तू ठेवलीस व्हय तिच्यात? कवा?”

पहिल्याच दिवशी, असं मी हसून म्हणणार होते. मला एक छोटी खिडकी आठवली. हॉस्टेलवर पहिल्या दिवशी फाइल सेव्ह करताना ती आली होती. कुठे ठेवायचं, या कम्प्युटरवर की बोर्डवर? दोन मोठी बटणं होती. मी पहिलं दाबलं. कम्प्युटरवरच काम करतेय तर कम्प्युटरवरच ठेवणार, त्यात विचार कसला करायचा. त्यानंतर त्या खिडकीने मला पुन्हा कधी विचारलं नाही. मी हिरवं बटण दाबायचे, लॅपटॉप तारेतून बोर्डाला ओळी द्यायचा आणि बोर्ड तसं वागायचा. मला वाटायचं, एकदा चाललं म्हणजे आत गेलं. तार काढून मी एकदाही चालवून बघितलं नव्हतं, कारण पॉवर बँकच सकाळी मिळाली होती.

म्हणजे तळाशी लटकत होती ती नुसती साबणाची डबी. लाल दिवा सेन्सरचा स्वतःचा, वीज मिळाली की तो लागतोच. विहिरीत धूर कोंडलेला असता तरी ती गप राहिली असती.

मी चहाचा कप खाली ठेवला. यारीचं इंजिन धडधडत होतं आणि तारेचा दोर खाली जात होता.

मी उठले. मामाकडे गेले. तेव्हा ओरडायला हवं होतं, पण मी काय केलं ते सांगते. मी हलक्या आवाजात म्हणाले, “मामा, डबी जरा वर घेता का? थोडं सेटिंग बदलायचं होतं.”

इंजिनाच्या आवाजात त्याला दोनदा सांगावं लागलं. “दाजी निम्म्यात गेलेत,” तो म्हणाला. “खाली टेकू दे, मग घेऊ.”

“बरं,” मी म्हणाले.

बरं म्हणाले आणि परत फिरले. आंब्याखाली येऊन लॅपटॉपसमोर बसले. नाडे फोनवर कुणाला तरी सांगत होते की आमच्या विहिरीवर इंजिनिअर मुलगी आली आहे, मशीन लावून काम चाललंय. टोळीतले दोघे काठावर बसून तंबाखू मळत होते. मी फाइलींची यादी उघडली. ‘हा कम्प्युटर’ या नावाखाली माझी फाइल दिसत होती. मी ती बंद केली, पुन्हा उघडली. जणू दुसऱ्यांदा बघितलं तर ती दुसरीकडे असणार होती. डोक्यात नुसता कालवा झाला होता. इंजिन पहाटेच बंद झालंय. वारं आहे. हवा चांगली असेलही. अण्णा तळाला पोचतील, डबी वर येईल, मी गुपचूप ते दुसरं बटण दाबीन आणि डबी पुन्हा खाली जाईल. कुणाला काही कळणार नाही. अण्णा काल तीन-तीनदा सगळ्यांना सांगत होते. आता मी मध्येच उठून सांगायचं की हे काहीच नाही?

प्रणिता माझ्या तोंडाकडे बघत होती. “काय झालं गं?” तिने विचारलं. मी काही नाही म्हणाले.

अण्णांची एक सवय होती. विहिरीतल्या पहिल्या ओट्याशी पोचले की ते वर एक लांब हाळी द्यायचे. तीस वर्षांत ती चुकली नव्हती. लहानपणी मी काठावर बसून तिचीच वाट बघायचे. दोर ओट्याच्या किती तरी खाली गेला होता आणि हाळी आली नव्हती.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. वर घ्या म्हणाले असेन. लॅपटॉप मांडीवरून कधी पडला ते कळलं नाही. मी पळत जाऊन मामाच्या हातावरच पडले आणि त्याने यारीचा दांडा उलटा मारला. दोर वर येऊ लागला. यारीला जेवढा वेग होता तेवढ्याच वेगाने तो येणार होता आणि त्या वेळी मला कळलं की तो वेग किती कमी असतो. काठावर वाकून बघायची माझी हिंमत झाली नाही. मी जमिनीवर बसले आणि डोळे मिटून घेतले. आई आठवली, मारुतीकाकांची बायको आठवली, त्या दिवशी ती कशी उंबऱ्यावर नुसती बसून होती ते आठवलं.

बादली वर आली तेव्हा अण्णांची मान छातीवर पडली होती. हात बाहेर लोंबत होता. दोघांनी त्यांना ओढून काढलं आणि आंब्याखाली आडवं केलं. चेहरा ओळखू येत नव्हता, ओठांची नुसती रेघ राहिली होती. मामा त्यांच्या गालावर चापटा मारत “दाजी, दाजी” करत होता. कुणीतरी पाणी मारलं, कुणीतरी टॉवेलने वारा घालत होतं. मी त्यांचे पाय धरून बसले होते. तळवे गार लागत होते. मी मनात म्हणत होते की मला काय व्हायचं ते होऊ दे.

मग अण्णांच्या घशातून घरघर आली. ते कुशीवर वळले आणि भडाभडा ओकले. मामा तिथेच मांडी घालून रडायला लागला.

नाड्यांच्या जीपमधून त्यांना औशाला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी लगेच ऑक्सिजन लावला आणि म्हणाले, आणखी थोडं खाली गेले असते तर आणून उपयोग नव्हता. मामा माझ्या खांद्यावर हात ठेवून डॉक्टरांना सांगू लागला की या पोरीच्या लॅपटॉपवर मेसेज आला, तिने बघितला आणि बोंब मारली, म्हणून वाचले. डॉक्टरांनी मला शाबास म्हटलं. खोटं मी बोलले नव्हते. फक्त कुणाला अडवलं नाही.

दुपारपर्यंत ही बातमी आसपासच्या सगळ्या टोळ्यांत गेली. शिवलीचा तुळशीराम, तोही मुकादम, अण्णांना बघायला आला आणि जाताना म्हणाला, उद्या आमची एक विहीर आहे, रात्री तिथंही इंजिन चालणार आहे, ती डबी एक दिवस द्या. अण्णा तोंडावरचा मास्क बाजूला करून म्हणाले, पोरीला इचारायचं काय त्यात, सकाळी घेऊन जा.

चार वाजता त्यांना सोडलं. आम्ही मळ्यातल्या आमच्या पालावर आलो. अण्णा बाजेवर पडले आणि मी पाठमोरी बसून लॅपटॉप उघडला. कोपरा फुटला होता, पण चालत होता. विहिरीतून वर काढून ठेवलेली डबी जोडली. फाइल नव्याने सेव्ह केली, या वेळी दुसरं बटण दाबलं, आणि वीज मिळाल्याबरोबर आपोआप सुरू व्हावं म्हणून तिला जे नाव द्यावं लागतं ते दिलं. तार काढून पॉवर बँकेला लावली आणि चुलीच्या धुरावर धरली. डबी किंचाळली. सगळ्याला दोन मिनिटं लागली असतील.

आता ती खरोखरच चांगली होती. द्यायला काही हरकत नव्हती. कुणी कधी विचारणार नव्हतं. मी डबी पुसली, झाकण लावलं, आणि तेवढ्यात अण्णांचा फोनवरचा आवाज ऐकू आला. ते तुळशीरामला समजावत होते. “कंदील बिंदील काही नको आता. डबी सोडायची. गप असली की खुशाल उतरायचं. आपल्या जिवाला न्हाई कळत ते तिला कळतंय.”

तुळशीरामच्या टोळीत त्याची दोन पोरं होती. मी बाजेपाशी गेले, अण्णांचा फोन संपेपर्यंत उभी राहिले आणि मग सांगितलं.

“अण्णा, डबी चालूच नव्हती. माझी चूक झाली. लॅपटॉपवर काही आलं नव्हतं.”

कम्प्युटर कुठला, बोर्ड कुठला, मी काय दाबलं आणि काय दाबायचं होतं, हे सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. किती समजलं कुणास ठाऊक. सांगून झाल्यावर त्यांनी अंगावरची चादर बाजूला सारली. मला वाटलं, आता हाणतील. हाणावं असंच मला वाटत होतं.

“मला ओट्यापाशीच कळलं होतं,” ते म्हणाले.

“काय?”

“गुडघ्यातलं बळ गेलं. कानात घुमाय लागलं. हाळी द्याय गेलो तर आवाज फुटंना. तीस वर्सं झाली मला या धंद्यात, हवा वंगाळ हाय ते अंगाला कळतंय. इशाऱ्याची दोरी हातातच होती.”

“मग ओढली का नाही?”

“डबी गप होती बाई,” अण्णा म्हणाले. “म्हनलं, माझ्या लेकीचं मशीन गप हाय, तवा हवा चांगलीच असंल. मलाच म्हातारपण आलंय.”

मी खाली बसले. रडूसुद्धा आलं नाही, इतकी भीती माझ्यात भरून राहिली होती. दवाखान्यात, जीपमध्ये, आंब्याखाली वाटली नव्हती एवढी भीती मला त्या वेळी वाटली, आणि ती आजही कधी कधी पोरांना शिकवताना वाटते. मी आता पॉलिटेक्निकलाच शिकवते. नवी पोरं हिरवं बटण दाबतात, खाली बरोबर उत्तर येतं आणि ती माझ्याकडे बघून हसतात. मी प्रत्येकाला तार काढून पुन्हा चालवायला लावते. मॅडम फार किटकिट करतात, असं ती मागे बोलतात.

अण्णांनी फोन मागितला. तुळशीरामला लावला आणि माझ्यासमोर सांगितलं, डबी देत न्हाई, माझ्या लेकीची चूक झालती, आन तू बी इंजिन चाललेल्या हिरीत दोन दिवस उतरायचं न्हाईस. मग मामाला आणि टोळीला बोलावून तेच सांगितलं. एवढा मानी माणूस, पण आवाज जराही खाली गेला नाही. मामाने माझ्याकडे एकदा बघितलं आणि तो बाहेर निघून गेला.

सगळे गेल्यावर अण्णा उठून बसले. “एक सांग मला,” ते म्हणाले. “कळलं तशी लगीच हाक मारलीस न्हवं?”

ते मला पकडायला विचारत नव्हते. त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं की त्यांना एवढी एक गोष्ट हवी होती, बाकी सगळं त्यांनी सोडून दिलं होतं.

“हो अण्णा,” मी म्हणाले. “लगेच.”

“मग झालं,” ते म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. “चूक काय, कुनाचीबी होतीय.”

त्यानंतर अण्णा आठ वर्षं होते. ही हकिकत ते येईल त्याला सांगायचे, माझ्या चुकीसकट, काहीही न लपवता. आणि शेवटी माझ्याकडे हात करून म्हणायचे, पर कळल्याबरोबर वरडली बघा माझी लेक, एक क्षण दम घेतला न्हाई. तेवढं ऐकलं की मी पाहुण्यांसाठी चहा टाकायला उठायचे.